बोरकुटे भाऊंची हत्यारं

आमच्या शेजारचे बोरकुटे भाऊ कांदा दगडानं चिरतात. ठेचतात असं मी म्हणत नाही, चिरतात. भज्यांना लागतो तसा पातळ. हातात बोटभर लांबीची दगडाची कपची असते, तिच्या एका काठाला धार असते आणि त्या धारेनं त्यांचा सगळा स्वयंपाक चालतो. वांगी, भेंडी, कोचईची म्हणजे अळूची पानं, सगळं. सांबार तेवढा हातानं तोडतात. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांनी घाबरू नये.

घरात विळी आहे. सुऱ्याही आहेत, एक तर माझ्याच सासूबाईंनी त्यांच्या वास्तूला दिलेली. ती कुठं आहे म्हणून विचारलं तर म्हणाले, "ठेवली आहे बाई जपून. पण लोखंड काल आलं. गोटा पुराना." आमच्या भागात दगडाला गोटा म्हणतात. भाजीत खडा लागला तर आपण थूथू करतो. भाऊ तो बोटावर घेतात, उजेडात धरतात आणि विचारतात, "हा कोणत्या कपचीचा असन?"

भाऊ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात होते. कोळसा फोडायचं जे क्रशर असतं, त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं आणि त्यांनी कॉलनीच्या मागच्या लेआउटात आमच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या बांधल्या. मी घरी ब्लाउज शिवते. आमचे हे अजून शिफ्ट ड्यूटी करतात, नाइट करून येतात आणि दिवसा झोपतात. झोपायचे, असं म्हणायला पाहिजे. कारण दोन वर्षांमागं शेजारून ठक ठक सुरू झालं. आधी वाटलं, सुतार आला असेल. सुतार आठवडाभर राहतो, महिनाभर राहत नाही.

मी स्वभावानं तिखट आहे हे लेआउटात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून भांडायलाही मलाच पाठवलं. गेले तर भाऊ वऱ्हांड्यात पोत्यावर मांडी घालून बसलेले. मांडीवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा, त्यावर एक गोटा, उजव्या हातात दुसरा गोटा, आणि सभोवती ढलप्यांचा सडा.

मी म्हटलं, "भाऊ, हे काय लावलं? आमचे हे आत्ता नाइट करून आले."

"बसा बाई. थे लोकंबी असेच बसत."

"कोण लोक?"

"आफ्रिकेतले. आपले मोठे माय-बाप."

"तुमचं गाव तर सावली तालुक्यात ना?"

"सावलीच्या आधी," भाऊ शांतपणे म्हणाले, "आपून सगळे तिथीच होतो."

आणि मग मला भांडायचं राहूनच गेलं. भाऊंनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते. पंचवीस-तीस लाख वर्षांमागं आफ्रिकेत तळ्याकाठी, नदीकाठी कोणीतरी एक गोटा दुसऱ्या गोट्यावर मारला, कपची निघाली, तिला धार होती. तिथून सगळं सुरू झालं. तेव्हा तर तो पुरता माणूसही नव्हता म्हणे. "अन् शिकारबिकार काही नाई बाई. सिंहानं खाऊन सोडलं का हे जात अन् हाडाले लागलेलं मास खरवडत. उरलंसुरलं खाणारे लोकं आपून. अन् आता पाहा, लग्नात पहिल्याच पंगतीले बसा लागते." हे सांगताना त्यांनी ठक करून मारलं आणि एक कपची माझ्या साडीवर येऊन पडली. उचलायला गेले तर बोट कापलं. खरंच धार होती.

शिवणकामाचं म्हणून त्यांनी मला एक वेगळी गोष्ट सांगितली. पुढं कधीतरी त्या लोकांनी पानाच्या आकाराचा, दोन्ही बाजूंनी घडवलेला गोटा काढला, हातात धरायचा. "अन् मंग दहा लाख वर्षांच्या वर तेच कटिंग, बाई. आजा बनवे तसंच नातू बनवे." माझ्याकडच्या बायका दर दिवाळीला पाठीचा गळा बदलतात आणि बदलून दिला की जुनाच बरा होता म्हणतात. मी म्हटलं, भाऊ, त्या काळात मला दुकान टाकून द्या.

गोटे वाजवून बघायची त्यांना सवय. कुठंही जातील, खिशातल्या गारगोटीनं टकटक करतील आणि कान लावतील. गोट्यांचे तीन प्रकार त्यांनी स्वतःच ठरवले आहेत: मुका, तोतरा आणि बोलका. मुक्याला आतून तडा असतो, मारला की भुगा होतो. तोतरा वाकडा फुटतो. बोलका ठण्ण वाजतो आणि मागाल तशी कपची देतो. माझा पाटा त्यांनी एकदा वाजवला आणि म्हणाले, "हा बोलते बाई. याच्यावर चटणी वाटून राह्यल्या तुमी?" तेव्हापासून पाट्यावर मी ओढणी टाकून ठेवते. मारुतीच्या ओट्यावर टकटक करताना मंदिर कमिटीनं धरलं, तर त्यांनाच म्हणाले की ओटा मुका आहे, ठेकेदारानं फसवलं. माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी अंगठीच्या डबीत एक लाल कपची दिली, वरून चमकीचा कागद. भाचीनं सगळ्यांसमोर डबी उघडली. तो विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

तर असा माणूस. लेआउटात कोणी त्यांना गोटेभाऊ म्हणत, कोणी आफ्रिका. तोंडावर म्हटलं तरी हसत. पण लोक एक गोष्ट त्यांच्या माघारी बोलत, आणि मीही बोलत असे: बायको पडली अन् भाऊचं डोकं सरकलं.

कारण हे सगळं अनसूयाबाईंना लकवा मारल्यावर सुरू झालं होतं. भाऊंना मूलबाळ नाही. पण त्या घरात आवाजाची कमी कधी नव्हती, सगळा बाईंचा. भाजीवाल्याशी बोलत, कुत्र्याशी बोलत, गॅस सिलिंडरशी बोलत. भाऊंना तर उठल्यापासून निजेपर्यंत बोलत, आणि भाऊ क्रशरवरचे, आवाजात काम केलेले, ते आपले मान हलवत राहत. एका सकाळी बाई न्हाणीत पडल्या. नागपूरला नेलं, वाचल्या. पण उजवा हात गेला, उजवा पाय ओढू लागला आणि बोलणं बंद झालं. समजत सगळं होतं. डोळे तेच होते, रागीट. फक्त तोंडातून एक शब्द निघत नव्हता.

भाऊ त्यांची खाट वऱ्हांड्यात घेत आणि बरोबर समोर बसून गोटे फोडत. माझ्यानं पाहवेना. एक दिवस मी कुंपणावरून म्हटलंच, "भाऊ, बिचारी आजारी बाई, तिच्या डोक्यापाशी काऊन ठोकून राह्यले तुम्ही? माणुसकी आहे का नाही?"

भाऊंनी हातातला गोटा खाली ठेवला. बाईंकडे एकदा पाहिलं आणि कुंपणापाशी येऊन हळू आवाजात म्हणाले, "कुंदाबाई, गोटा फोडताना डोक्याचा जो भाग चालते ना, त्यातलाच काही भाग बोलतानाबी चालते. मशीन लावून पाह्यलं म्हणते लोकायनं. गोटे फोडता फोडताच माणूस बोलाले शिकला असन, असंबी काही जण म्हणते."

"मग?"

"मंग थे लोकं शिकले, तं ही काऊन नाई शिकणार पुन्हा?"

आम्ही ज्याला वेड म्हणत होतो ते औषध होतं. दवाखान्यातून एक मुलगी यायची बोलण्याचा सराव घ्यायला. आ म्हणा, ई म्हणा. बाई भिंतीकडे तोंड करत. लहान मुलासारखं आ-ई करायचं त्यांना अपमानाचं वाटत असणार, मला तरी वाटलं असतं. पण गोटा त्या हातात घेत. डाव्या हातात. भाऊ दोन्ही हातांनी दुसरा गोटा धरत आणि म्हणत, "मार." बाई मारत. निम्मे घाव गोट्यावर बसत, निम्मे भाऊंच्या बोटांवर. बोटांना कायम चिंध्या बांधलेल्या. "नेम सुधरून राह्यला," असं मला सांगत. मला विचाराल तर नेम पहिल्यापासून चांगलाच होता.

त्या दिवसानंतर मला ठकठकीचा त्रास होईनासा झाला, ह्यांच्या कानात मी कापूस घातला. पण दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं. भाऊ दिवसभर बोलत. जन्मात बोलले नाहीत एवढं. "आज लाखोरीची डाळ करू का? करू ना?" मग थांबत. पुरेसं थांबत, माणसाला उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो तेवढं. मग आपणच म्हणत, "करतो." मी मशीनवर असले की त्या थांबण्याच्या वेळी माझाही पाय थांबायचा. खोटं कशाला सांगू, मला रडू यायचं.

बाईंच्या डाव्या हातानं आमच्याकडचा काळा गोटा फुटेना. भाऊंचा एक जुना सोबती, प्लांटमधलाच, रिटायर होऊन गडचिरोलीपलीकडे, धानोऱ्याकडे आपल्या गावी राहायला गेला होता. त्यानं सांगितलं, आमच्या नदीत काचेसारखे गुळगुळीत गोटे आहेत, हलक्या हातानं फुटतात. भाऊंच्या डोक्यात ते बसलं. बाई पडल्यापासून ते बाजारापलीकडे गेले नव्हते. मला येऊन म्हणाले, "एक दिवस बसता का तिच्यापाशी? सकाळच्या एसटीनं जातो, संध्याकाळी येतो."

मी हुका-काजांचं काम घेऊन त्यांच्या वऱ्हांड्यात बसले. बाईंना भात भरवला, वेणी घातली, लेआउटातल्या सगळ्या भानगडी सांगितल्या. त्या ऐकत होत्या. दुपारी माझा फोन वाजला. दोन्ही हातांत दोरा, म्हणून मी स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवला.

"हॅलो, कुंदाबाई का? नाक्यावरून पोलीस बोलतोय." आवाज घाटावरचा होता, आमच्याकडचा नव्हे. "बोरकुटे नावाच्या माणसाला ओळखता? तुमचा नंबर त्यांनीच दिला."

मी म्हटलं, "हो जी. शेजारी आहेत. काय झालं?"

"झालं काही नाही. यांच्या पिशवीत काय असतं?"

"गोटे."

"म्हणजे दगड?"

"हो जी, दगड."

"मग हे हत्यारं आहेत म्हणून का सांगतायत? सगळी गाडी उतरवली मी."

आता गडचिरोलीकडच्या रस्त्यावर नाके असतात, पिशव्या तपासतात, हे काही नवं नाही. त्या भागात पोलिसानं पिशवीत काय विचारल्यावर हत्यारं हा शब्द कोणी शहाणा माणूस उच्चारणार नाही. पण भाऊंनी नदीवर बसून गोटे निवडले होते, फोडून पाहिले होते, चांगल्या चांगल्या कपच्या वेगळ्या बांधल्या होत्या. मागून त्यांचा आवाज येत होता, अगदी समजावणीचा. "साहेब, गोटा थो, जो नदीत पडून असते. हा मी निवडला, फोडला, धार काढली. मंग हे हत्यार झालं. आता याले गोटा कसा म्हणू?"

"काका, दगड म्हणा. एकदा दगड म्हणा, मी तुम्हाला सोडतो."

"पण थे खोटं होईन ना साहेब. आफ्रिकेत तं..."

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "का जी."

मी सुई घेऊन तशीच राहिले. अनसूयाबाई फोनकडे पाहत होत्या. डावा हात त्यांनी खाटेच्या कडेवर आपटला, आणि पुन्हा, जरा जड पण स्वच्छ, "का जी."

आमच्याकडे जी सगळ्यांनाच लावतात, पोस्टमनला, दुधवाल्याला, जावयाला. पण बाईंचं का जी, म्हणजे काय हो, हे भाऊंसाठीच होतं. नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही, हाक म्हणजे हीच. भाऊंवरचं प्रत्येक बोलणं तिथून सुरू व्हायचं. का जी, चपला कुठी काढल्या. का जी, दिमाग हाय का ठिकाणावर. दोन भिंतींपलीकडून मी वर्षानुवर्षं ऐकलेलं. आता पुढचं येईना. ओठ हलत होते, कपाळाला आठ्या पडल्या होत्या, सगळं बोलणं तिथं येऊन थांबलं होतं.

मी फोनवर ओरडले, "भाऊ, आयका, बाई बोलल्या!" पण तिकडून फोन ठेवून दिलेला. मी परत लावला, कोणी उचलेना. भाऊंचा फोन तर पोलिसांनी पिशवीसोबत बाजूला ठेवलेला. बाई भिंतीकडे तोंड करून निजल्या.

पुढं तिकडं काही वाईट झालं नाही. मोठे साहेब आले, एक कपची उचलून पाहिली, हसले, भाऊंना चहा पाजला आणि गडचिरोलीच्या गाडीत बसवून दिलं. दिवेलागणीला भाऊ फाटकातून आत आले, खांद्यावर पिशवी, चेहरा खुशीत. साहेबाला पटलं, असं सांगत आले. मी त्यांना पायरीवरच थांबवलं आणि सांगितलं.

त्यांनी खांद्यावरची पिशवी उतरवली. मग म्हणाले, "कशावर म्हणली?"

"तुमच्या हत्यारांवर."

"मी तं होतो ना फोनपाशी."

"होता."

"मले नाई आयकू आलं."

"तुम्ही साहेबाला समजावून राह्यले होते, भाऊ."

"गोटे म्हटलं असतं तं..." एवढंच बोलले आणि पायरीवर बसले. पिशवी मांडीवर घेतलेली. मला त्या माणसाची फार दया आली आणि तेवढाच रागही आला. काय बिघडलं असतं एकदा गोटे म्हटलं असतं तर? मग आत गेले, बाईंच्या खाटेशी बसले, म्हणाले, "मी आलो. म्हण ना." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं. बोलल्या नाहीत.

नदीचे गोटे चांगले निघाले. बाईंच्या हातून खरंच फुटू लागले. पण भाऊंना एक गोष्ट कळून चुकली होती: का जी हे रागानं निघालं होतं. मग या माणसानं बाईंना राग यावा असं वागायचा सपाटा लावला. धुतलेल्या चादरीवर चिखलाचे गोटे ओतले. सदरा उलटा घालून बाईंसमोरून जा-ये केली. चहात मीठ घातलं आणि आपणच पिऊन दाखवला. चपला देव्हाऱ्यापाशी काढल्या, मग आपणच घाबरून उचलल्या आणि हात जोडले. जन्मभर त्या बाईनं ज्या ज्या गोष्टीवरून बोलणी दिली त्या सगळ्या त्यांनी आठवून आठवून करून पाहिल्या. लेआउटातले लोक म्हणाले, आता पुरतं सरकलं. मी त्यांच्याशी भांडले, पण खरं कारण सांगितलं नाही, ते भाऊंचं घरचं होतं. बाई सगळं पाहत. एकदा सदरा उलटा पाहून हसल्यासारख्या वाटल्या. शब्द मात्र त्यानंतर आलाच नाही.

परवा संध्याकाळी मी कुंपणावरचे वाळलेले कपडे काढत होते. बाईंचा डोळा लागला होता. भाऊ पलीकडून आले, उभे राहिले, काहीतरी मागायला आलेल्या माणसाला होतं तसं त्यांना झालं होतं. मला वाटलं, साखर हवी असेल.

"बाई, एकदा म्हणून दाखवता का? तिनं म्हटलं तसं."

मी म्हटलं, "का जी."

"असं नाई. जरा रागानं."

मी पुन्हा म्हटलं. राग कुठून आणणार. तरी आणला. भाऊ मान खाली घालून ऐकत होते, क्रशरवरच्या माणसासारखे, कान पुढं करून.

"अन् पुढं काय म्हणणार होती असन थे?"

आता मला काय ठाऊक. पण तो माणूस तिथंच उभा होता. मी हातातले कपडे तारेवर ठेवले, पदर खोचला आणि बाईंच्या आवाजात जेवढं जमेल तेवढं म्हटलं, "का जी, कायची हत्यारं न् कायचं काय. साहेबाले गोटे म्हणा अन् चूपचाप घरी या."

"हो," भाऊ म्हणाले. "बराबर. अशीच बोलते थे." आणि घाईघाईनं आत गेले.